बाईंची अळवंतीण

इथल्या मराठी मंडळाच्या यंदाच्या दिवाळी अंकात बाईंवर अर्धं पान आलं आहे. चौकटीत फोटो, खाली पणती, आणि मजकूर असा की बाई म्हणजे बालगोपाळांसाठी भुताखेतांचे मनोरंजक लघुपट बनवणाऱ्या, सदा हसतमुख, सर्वांना आपलंसं करणाऱ्या ज्येष्ठ भगिनी होत्या. वाचून माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. बालगोपाळांना जन्माला आणण्यापलीकडे बाईंनी त्यांच्यासाठी काहीही केलं नाही, आणि तेही हॉस्पिटल पगार देत होतं म्हणून. हसतमुख तर त्या त्या फोटोतही नाहीत. आणि सर्वांना आपलंसं म्हणाल, तर अर्ध्या मंडळाला त्यांनी तोंडावर ढोंगी म्हटलं होतं. उरलेल्या अर्ध्याला म्हणायचं राहून गेलं, कारण ती मंडळी कार्यक्रमाला जेवणाच्या वेळी उगवतात.

बाई बनवायच्या ते हॅलोवीनचे चावट सिनेमे. विनोदी, फुटकळ खर्चातले आणि फक्त मोठ्यांसाठी. सुरुवातीच्या पाटीवर त्या लिहीत, "पोरं झोपली का? मग बघा." हे अर्ध्या पानात लिहायला काय हरकत होती? माणूस मेला की त्याला धुऊन, इस्त्री करून, घडी घालून कपाटात ठेवायचा, ही आपली जुनी खोड. बाईंची घडी मी घालू देणार नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी इंग्लंडात साउथहॅम्प्टनला फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले तेव्हा बाईंच्या घरातली वरची छोटी खोली मला भाड्याने मिळाली. बाई हॉस्पिटलातून स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून निवृत्त झालेल्या, कन्सल्टंट होत्या. मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना काकू म्हणाले, तर म्हणाल्या, काका दाखव, मग काकू म्हण. मावशी म्हटलं तर त्यांनी माझ्या आईचं नाव विचारलं आणि या नावाची बहीण आपल्याला आठवत नाही असं सांगितलं. शेवटी 'बाई'वर तडजोड झाली. खोली बघायला वर गेले तर पलंगावर हाडांचा सापळा झोपलेला. प्लास्टिकचा, पण चांगला पुरुषभर उंचीचा. तो तात्पुरता आहे, तू आलीस की जाईल, असं बाई म्हणाल्या. तो गेला तो त्यांच्या गाडीत. पुढच्या सीटवर, पट्टा लावून, बारा महिने. कुणी लिफ्ट मागितली की बाई म्हणत, "मागे बसा, पुढे गृहस्थ आहेत." मंडळातल्या बायका त्यापेक्षा पावसात बसची वाट बघणं पसंत करत.

हॅलोवीन संपलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सुपरमार्केटच्या दारात उभ्या. उरलेले मुखवटे, वटवाघळं, रबरी हात अर्ध्या किमतीत निघायचे ते ट्रॉली भरून आणायच्या आणि वर्षभर गॅरेजमध्ये जपायच्या. बाकीचं सामान स्वयंपाकघरातलं. रक्त म्हणजे कोकमाचं आगळ, थोडं कॉर्नफ्लावर घालून घट्ट केलेलं. कोळिष्टकं म्हणजे शेवया. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यातली भिंत बाईंनी पाडून घेतली होती, त्यामुळे गॅसवर शिट्टी काढलेला कुकर ठेवला की सोफ्यापर्यंत धुकं पोचायचं. स्मोक अलार्मला शॉवर कॅप घातलेली. भुतांचे उलटे पाय म्हणजे चॅरिटी शॉपमधले दोन मापं मोठे बूट, पुढून कापून टाचा समोर येतील असे घातलेले. घालणारीला ते भयंकर टोचत. बाई म्हणत, मेलेल्या माणसाला काही टोचत नाही, चाल.

कॅमेरा म्हणजे माझा मोबाइल. दिग्दर्शन बाई सिझेरियन करावं तसं करत. हात पुढे, तळवा वर, नजर दुसरीकडेच, आणि तोंडाने, "शेवया." तळव्यावर ताबडतोब शेवया पडल्या नाहीत तर सगळ्या स्टाफसमोर बोलणी. स्टाफ म्हणजे मी. शॉट संपला की मेकअपचे कापसाचे बोळे मोजायच्या. एक कमी भरला तर तो सापडेपर्यंत कुणी खोलीबाहेर जायचं नाही. मी एकदा हसून म्हटलं की बाई, आपण कुणाचं पोट शिवलेलं नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने सोफ्याखाली शिरले. बोळा तिथेच होता.

आणि सिनेमे? एकात एक खवीस आहे, कोकणातून बोटीने थेट इथल्या बंदरात उतरलेला. त्याला बायकांना झपाटायचं असतं, पण प्रोस्टेट इतकी वाढलेली की ऐन मोक्याला "एक्स्क्यूज मी" म्हणून आत जावं लागतं. शेवटी त्याने झपाटलेल्या बायकाच त्याला युरॉलॉजीत घेऊन जातात. दुसऱ्यात एक गोरा व्हॅम्पायर पुण्याच्या विधवेच्या प्रेमात पडतो. पहिल्या रात्री ती लाजत लाजत मान पुढे करते, डोळे मिटते, आणि मिटूनच बसते, कारण याचे दात उशाशी ग्लासात. हे काम शेजारचा म्हातारा करायचा. जन्मभर बोटीवर कुक होता. मराठीचा एक शब्द त्याला येत नव्हता, पण तो स्वतःचे दात खरोखर ग्लासात काढून ठेवायचा. एवढा समर्पित नट अख्ख्या मंडळात मिळणार नाही, असं बाई छातीठोकपणे सांगत.

बाई सिनेमे इंटरनेटवर टाकायच्या, तिथे सगळ्यात गाजली ती मात्र अळवंतीण. बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत. बाईंच्या सिनेमांत ही अळवंतीण दर हॅलोवीनला केस तोंडावर सोडून नवऱ्याच्या पलंगावर येऊन बसते. तिला सूडबीड नको असतो, राहून गेलेलं सुख हवं असतं. नवरा घोरत असतो. ती त्याला हलवते, गुदगुल्या करते, अंगावर कोकम ओतते, आणि अखेर वैतागून भुतांच्या दवाखान्यात तक्रार घेऊन जाते. तिथली डॉक्टरीण म्हणजे खुद्द बाई. ती डॉक्टरीण जे उपाय सांगते ते लिहायची माझी तयारी आहे, पण छापायची कुणाची नसेल.

मी एकदा विचारलं होतं की एवढंच सांगायचं तर भुतं कशाला हवीत. बाई कुकर घासत होत्या. घासणी टाकून त्या माझ्याकडे वळल्या.

"अळवंतीण म्हणजे काय गं? वेळेवर रक्त मिळालं नाही म्हणून गेलेली पोरगी. She bled, आणि कुणी आलं नाही. आणि वर हिलाच घाबरायचं? दारात खिळे ठोकायचे ते हिच्यासाठी? जिवंतपणी तिला एकाने विचारलं नाही, बाई, तुला बरं वाटतंय का, सुख लागतंय का. मेल्यावर तरी चावट बोलू दे तिला."

आणि परत कुकर घासायला लागल्या. त्या दिवसापासून मी शेवया वेळेवर देऊ लागले.

अळवंतीण कोण करतं हे बाहेर कुणाला माहीत नव्हतं. केस तोंडावर, अंगात हॉस्पिटलचा जुना पांढरा गाऊन, आणि आवाज बाई नंतर स्वतः भरायच्या. ती होती मंडळाच्या अध्यक्षांची बायको. अध्यक्ष हाडांचे सर्जन, तेही निवृत्त, आणि मंडळ त्यांनीच स्थापल्यासारखं चालवायचे. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. पासष्टीच्या, केस कमरेपर्यंत, आणि कुठल्याही कार्यक्रमात हॉलमागच्या किचनमध्ये डाव घेऊन उभ्या. गणपतीत प्रसादाच्या रांगेत बाईंनी कुणाच्या तरी सोवळ्यावर काहीतरी फाजील शेरा मारला आणि वहिनी हसल्या. म्हणजे अशा हसल्या की पुढचे चार जण वळून बघू लागले, आणि मग त्यांनी पदर तोंडात कोंबला. बाई तिथल्या तिथे म्हणाल्या, "हे हसणं मला पाहिजे. शनिवारी ये."

वहिनी आल्या आणि येतच राहिल्या. घरी सांगायच्या की लेझर सेंटरच्या पोहण्याच्या तलावात अ‍ॅक्वा एरोबिक्सला जाते. ही शक्कल मोठी सोयीची होती, कारण केसांतली पावडर आणि कॉर्नफ्लावर धुऊन निघाल्यावर त्या ओल्या केसांनी घरी जायच्या आणि ते बरोबर दिसायचं. कुठलं लेझर सेंटर, हे अध्यक्षांनी कधी विचारलं नाही. वहिनी मला एकदा बुटात पाय कोंबता कोंबता म्हणाल्या होत्या की आमच्या घरी मला लोक विचारतात ते एवढंच, चहा झाला का, गोळ्या कुठे आहेत, गाडीची किल्ली पाहिलीस का. बाई विचारतात, ही अळवंतीण आत येताना आधी काय बघेल? एवढं बोलून त्या उठल्या आणि ते उलटे पाय घेऊन खोलीभर चालून दाखवलं, तीनदा, तीन तऱ्हांनी. त्या शनिवारांवर त्या जगत होत्या. नवऱ्याला कळलं की ते संपणार, हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं.

आता बाईंची एक गोष्ट सांगते, जी मला आजतागायत समजलेली नाही. सगळ्या रूढींच्या मागे काठी घेऊन लागणारी ही बाई, हॅलोवीनचा भोपळा स्वतः चिरायची नाही. अख्खा भोपळा बायकांनी फोडायचा नाही, पहिली सुरी पुरुषाने घालायची, हा आपल्याकडचा रिवाज त्या कडक पाळत. जन्मभर बायकांची पोटं उघडली त्या हातांनी! शेजारचा म्हातारा असला तर तो सुरी घालायचा. नसला तर पोस्टमनला आत बोलवायचं, पार्सलवाल्याला बोलवायचं, एकदा गॅस बॉयलरच्या वार्षिक तपासणीला आलेल्या मुस्लिम इंजिनिअरला त्यांनी मोठ्या अदबीने सुरी दिली. तो बिचारा 'हॅपी हॅलोवीन' म्हणून सुरी घालून गेला. एका वर्षी मी वेळ वाचावा म्हणून भोपळा आधीच फोडून ठेवला. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि तो भोपळा सिनेमात न घेता त्याचे घारगे केले. तळताना रागाने तोंड वाकडं, पण घारगे उत्तम झाले होते. मी म्हटलं, बाई, तुम्हीसुद्धा? तर म्हणाल्या, माझ्या आईने मला एवढी एकच गोष्ट करू नको म्हणून सांगितलं, बाकी सगळं करायला सोडलं, तर एवढं मी तिचं ऐकते. माझं काही समाधान झालं नाही, पण तिथे वाद संपायचा.

मंडळाशी बिनसलं ते ऑक्टोबरमधल्या हाफ टर्मच्या शाळेच्या सुट्टीतल्या कार्यक्रमात. सेक्रेटरीसाहेबांच्या डोक्यात आलं की या वर्षी मुलांसाठी हॅलोवीन करू. मुखवटे, भोपळे, समोसे, आणि बाईंची एखादी 'भुताची फिल्म'. बाईंनी फोनवर दोनदा सांगितलं की हे अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. मी शेजारी उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं. सेक्रेटरीसाहेबांना वाटलं की फार भीतिदायक आहे असं त्यांना म्हणायचंय. भुतं म्हणजे मुलांची, आणि कन्सल्टंट पदावरून निवृत्त झालेल्या सत्तरीच्या बाईने काढलेली म्हणजे संस्कारक्षम, असं त्यांनी धरून टाकलं. आधी बघून घ्यायची तसदी कुणीही घेतली नाही. डॉक्टरांचं काम, बघायचं काय त्यात?

सिनेमा लागला. पुढच्या रांगांत चेटकिणी, सापळे आणि स्पायडरमॅनच्या वेषातली दोन पोरं, मागे आईवडील, त्यामागे आजीआजोबा. अळवंतीण पलंगावर चढली आणि नवऱ्याला गुदगुल्या करू लागली, तशी मागच्या रांगेतून पहिलं हसणं आलं. ते आजोबा लोकांचं. मग बायका हसायला लागल्या. दवाखान्याच्या प्रसंगाला सगळा हॉल लोटपोट झाला होता, मी डोळ्यांनी बघत होते, खजिनदारांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. पोरं मात्र शांतपणे समोसे खात होती. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. एका चेटकिणीने वळून आईला विचारलं, "मम्मी, what did the lady ghost want?" आणि आई म्हणाली, "Water, बेटा."

दिवे लागले आणि ती हसलेली माणसं एकदम संतापली. दिवे लागेपर्यंत एकही जण उठला नव्हता, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आता म्हणे मुलांवर काय संस्कार होणार! अहो, मुलांना मराठी शिकवली असती तर संस्कार झाले असते ना, चांगले किंवा वाईट. ज्यांच्या घरात आजीला "ग्रॅनी, तू आला?" म्हणतात, त्यांना एका मराठी सिनेमाने बिघडवल्याची काळजी! मी हे तिथेच मोठ्यांदा म्हणाले. बाईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, चल, धुक्याला आणलेला कुकर घरी न्यायचाय.

मग बैठक झाली. ठराव असा की बाईंनी लेखी माफी मागावी, सगळे सिनेमे इंटरनेटवरून काढावेत, आणि 'सदर अश्लील भूमिका करणारी महिला' कोण ते समितीला सांगावं. माफीचं मी समजू शकते. पण त्या बाईचं नाव कशाला पाहिजे? त्याचा मुलांच्या संस्कारांशी काय संबंध? मला विचाराल तर सगळ्यांना तेच हवं होतं. अख्खं वर्ष तेच चाललं. व्हॉट्सअ‍ॅपवर अंदाज, देवळात कुजबुज. संशय माझ्यावर होता. एकटी राहते, फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लोकांच्या अंगाला हात लावायची सवय आहे. हे वाक्य मला सांगणारीनेसुद्धा अगदी काळजीच्या सुरात सांगितलं. आणि ज्या बायका हे बोलत होत्या त्याच घरी कानात इअरफोन घालून अळवंतीण बघत होत्या. मला माहीत आहे, कारण माझ्याकडे मानेच्या व्यायामाला आलेल्या एका काकूंनी टॉवेलखालून विचारलं, पुढचा भाग कधी येतोय गं?

बाईंनी माफी मागितली नाही. नाव तर नाहीच नाही. अध्यक्षांनी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा त्यांना एकच उत्तर मिळालं की पेशंटचं नाव मी सांगत नाही. पण वहिनींना त्यांनी घरी बोलावून सांगितलं की आता थांबू या. माझं काय, मला बाहेर काढलं तर मंडळाचा मसालेभात आणि भाषण दोन्ही चुकेल, पण तुझ्या घराला आग लागेल. मी पहिल्यांदाच बाईंना हार मानताना पाहत होते आणि मला त्यांचा भयंकर राग आला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, अळवंतिणीचा शेवट व्हायचाय अजून, तो करू आणि मग बघू. बाई नाही म्हणाल्या. वहिनी शनिवारी आल्याच.

तो शनिवार. पडदे ओढलेले, कुकर गॅसवर, वहिनी गाऊन आणि उलटे पाय घालून, केसांवर भरपूर पावडर, कोपऱ्यात तयार. भोपळा टेबलावर अख्खा, कारण शेजारच्या म्हाताऱ्याचं खुब्याचं ऑपरेशन होऊन तो हॉस्पिटलात. पोस्टमन येऊन गेलेला. म्हणजे शूटिंग अडलेलं, आणि बाई पडद्याच्या फटीतून रस्त्यावर पुरुष शोधतायत. तेवढ्यात बेल वाजली. बाईंनी उत्साहाने दार उघडलं, तर अध्यक्ष.

त्यांनी दाराशी बूट काढले. आपल्या माणसांची सवय. काढले आणि नीट ठेवले ते वहिनींच्या बुटांशेजारी. बायकोच्या रोजच्या बुटांना चिकटून आपले बूट ठेवले आणि सरळ आत आले. हे लिहितानाही माझं रक्त उकळतंय.

मला शेवटचं बोलायचंय, असं ते म्हणू लागले. बाई म्हणाल्या, बोला, पण आधी एवढं करा, घरात पुरुष नाही. आणि सुरीची मूठ त्यांच्या हातात दिली. त्या माणसाला क्षणभर काय करावं सुचेना, पण एकदा बाईमाणसाने भोपळ्यासाठी सुरी पुढे केल्यावर नाही कसं म्हणणार? उलट चेहऱ्यावर जरा समाधानच आलं. हाडांचे सर्जन, मनगटात जोर. सुरी पार मुठीपर्यंत आत गेली. माझ्या हातात मोबाइल होता आणि तो चालू होता. मी तो बंद केला नाही.

मग अध्यक्षांनी भाषण केलं. समाज, पुढची पिढी, परक्या देशात आपलं नाव. आणि पुन्हा तेच, ती बाई कोण? बाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं. तेव्हा वाफेतून त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. पांढरा गाऊन, तोंडावर केस, उलटे पाय, आणि गाऊनच्या गळ्यातून बाहेर आलेलं मंगळसूत्र. ते उतरवायला वहिनी कधी तयार नसत. बाई कंटिन्युइटीच्या नावाने ओरडायच्या, तरी नाही. अध्यक्षांनी ते नीट निरखून बघितलं. लग्नात स्वतःच्या हातांनी घातलेलं मंगळसूत्र. आणि मग अगदी समजुतीच्या सुरात, हॉस्पिटलात नातेवाइकांशी बोलावं तसं, म्हणाले,

"बाई, तुम्ही कोण मला माहीत नाही. पण चांगल्या घरातल्या दिसता. You are somebody's wife. तुम्ही इथे येऊन हे काय करता, याची तुमच्या मिस्टरांना कल्पना आहे का?"

मी तोंड उघडलं होतं. बाई माझ्याआधी पुढे झाल्या आणि त्या दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. अध्यक्ष, पुरे झालं, बूट घाला, मी उद्या माफी लिहून देते, सगळं काढून टाकते, असं त्या भराभर म्हणाल्या. बाई! माफी! नाव द्यावं लागू नये म्हणून त्या सगळं द्यायला निघाल्या होत्या. आणि वहिनींकडे पाठ असूनही त्यांनी मागे हात करून नाही, नाही अशी खूण केली.

वहिनींनी तो हात हळूच बाजूला केला. दोन्ही हातांनी केस मधोमध दुभागून मागे टाकले. पावडर उडाली.

"आत्ता आली कल्पना," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. मग ते हळूहळू सोफ्यावर बसले, शेवयांवरच.

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ओठ घट्ट आवळलेले आणि डोळ्यांतून पाणी. ते बाहीने पुसून त्या वहिनींवर ओरडल्या, "केस कशाला मागे घेतलेस? आता सगळी continuity गेली ना!"

"मग परत घेऊ पहिल्यापासून," वहिनी म्हणाल्या. त्यांनी केस पुन्हा पुढे ओढले, बूट सारखे केले आणि कोपऱ्यात आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. तिथून त्यांचा आवाज आला, नवऱ्याला उद्देशून, रोजच्या स्वयंपाकघरातल्या आवाजात. "अहो, तुम्ही बसलात तिथेच बसा. या शॉटमध्ये नवरा लागतो, आणि त्याला काही करायचं नसतं."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी जाऊन कुकरखालचा गॅस मोठा केला.